पॅसिफिक बेटांवरच्या लाकडी पूर्वजमूर्ती: बिस खांब, कोरवार, रुरुतूचा आआ

दर्यावर्दी

बरेच दिवस या विषयावर धागा काढायचं मनात होतं. पॅसिफिक म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना ईस्टर बेटावरचे मोआई आठवतात. ते दगडाचे म्हणून टिकले आणि जगभर माहीत झाले. पण न्यू गिनीपासून पार न्यूझीलंडपर्यंत लोकांनी आपले वाडवडील घडवले ते मुख्यतः लाकडात. त्यातलं पुष्कळ कुजलं, पुष्कळ जाळलं गेलं आणि उरलं ते बोटींत भरून युरोप-अमेरिकेत गेलं. तिथे ते काचेच्या कपाटांत 'शिल्पकला' म्हणून उभं आहे. माझं म्हणणं असं की या मूर्तींना काम नेमून दिलेलं होतं. ते काम समजल्याशिवाय मूर्ती समजत नाही. आणि ते काम कधी संपलं, हे ठरवायचा हक्क ज्यांचे पूर्वज त्यांचा.

सुरुवात अस्मत लोकांपासून करतो, कारण त्यांच्याबद्दल मी सगळ्यात जास्त वाचलंय.

अस्मत न्यू गिनीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर राहतात. आज हा भाग इंडोनेशियाच्या दक्षिण पापुआ प्रांतात येतो. सगळा मुलूख दलदलीचा. समोर खारफुटी, मागे सागो ताडांची बनं. या ताडाच्या खोडातून पीठ काढतात, तेच मुख्य अन्न. दगड औषधालाही सापडत नाही, कुऱ्हाडीची पाती डोंगराळ भागातून देवघेवीत यायची. त्यामुळे जे घडवायचं ते लाकडातच. त्यांच्या उत्पत्तीच्या कथेतला फुमेरिपित्स एकटेपणाला कंटाळतो, लाकडाचे बाईपुरुष कोरतो आणि ढोल वाजवायला बसतो. ढोलाच्या ठेक्यावर त्या मूर्ती हळूहळू हलायला लागतात, मग नाचायला लागतात. हेच पहिले अस्मत. त्यांच्या हिशेबी झाडाची मुळं म्हणजे पाय, खोड म्हणजे धड, फांद्या म्हणजे हात आणि फळ म्हणजे डोकं. फळं खाणारे धनेश आणि काळे काकाकुवा त्यांच्या कोरीवकामात जागोजागी दिसतात ते यामुळेच. पूर्वी अस्मत शत्रूची मुंडकी आणायचे, आणि फळावर जगणारा पक्षी हे मुंडकी आणणाऱ्याचंच रूप.

आता बिस खांब. तान्ही मुलं आणि फार म्हातारी माणसं सोडली तर कुणाचंही मरण अस्मत लोक आपोआप आलेलं मानत नसत. शत्रूच्या हत्याराने किंवा शत्रूच्या जादूने माणूस मेला, असंच धरून चालायचे. मग त्या मेलेल्याचं देणं जिवंतांवर राहायचं. ते फिटेपर्यंत तो गावातच घुटमळणार, सफानला, म्हणजे पितरांच्या मुलखात, जाणार नाही. हे देणं फेडायचं वचन म्हणजे बिसचा उत्सव. रानजायफळीचं झाड निवडायचं, आणि ते तोडायला जाताना शत्रूवर चाल करून जावं तसं जायचं. साल सोलली की आतून लाल चीक येतो, तो रक्तासारखा. ओंडका गावात पुरुषांच्या सामाईक घरापाशी आणून वोविपित्स, म्हणजे गावचे नावाजलेले कोरणारे, त्यावर कित्येक आठवडे काम करणार.

खांब झाडाच्या उलटा उभा करतात, मुळाकडची बाजू वर. खोडाला फळीसारखी रुंद आधारमुळं असतात. त्यातलं एकच ठेवून बाकीची तासून टाकतात. हे राखलेलं मूळ वरच्या माणसाच्या जांघेतून पुढे झेपावणाऱ्या जाळीदार पंखासारखं कोरतात. त्याला म्हणतात सेमेन. पूर्ण खांब चार-पाच मीटरपासून आठ मीटरपर्यंत. एकाच्या डोक्यावर दुसरा अशी माणसं, आणि प्रत्येकाला गावातल्या मेलेल्या माणसाचं नाव. बुडाशी बरेचदा होडी, सफानला जाण्यासाठी. अंगाला शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा, मातीचा लाल आणि कोळशाचा काळा.

उत्सव झाला की हे खांब सागोच्या बनात नेऊन टाकायचे. तिथे ते कुजले पाहिजेत. त्यांच्यातली शक्ती सागोच्या झाडांत उतरणार, ते पीठ पोरंबाळं खाणार. पूर्वजाचं शेवटचं काम ते.

१९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर घराण्यातला मायकेल नावाचा तरुण हे खांब जमवायला अस्मतमध्ये होता. नोव्हेंबरमध्ये त्याची होडी नदीच्या मुखाशी उलटली, आणि तो पुन्हा दिसला नाही. त्याने मिळवलेले खांब आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याच्याच नावाच्या दालनात उभे आहेत. त्याच्या बेपत्ता होण्यावर इतकं लिहिलं गेलंय की खांबांवर ज्यांची नावं होती ती माणसं बाजूलाच पडली. मला ही गोष्ट मनापासून लागते.

बाकीच्यांनीही आपापल्या माहितीची भर घालावी.

कडुनिंब

वाचनखूण साठवली. एक शंका. मूर्तीत पूर्वज खरोखर 'असतो' असं ते मानतात, की ती नुसती आठवण?

दर्यावर्दी

कडुनिंब, प्रत्येक बेटावर उत्तर वेगळं. पण 'असतो' असं ठासून म्हणणारं एक उदाहरण देतो, कोरवारचं.

न्यू गिनीच्या वायव्येला चेंदेरावासीह नावाचं मोठं आखात आहे. डच नकाशांत गेल्व्हिंक. त्यातली बियाक, नुम्फोर वगैरे बेटं. इथले लोक पट्टीचे दर्यावर्दी. कुणी मेलं की त्याची छोटीशी बसलेली मूर्ती कोरायची. शरीराच्या मानाने डोकं भलंमोठं, चौकोनी. नाक बाणाच्या टोकासारखं. हातांसमोर वेलबुट्टीची जाळीदार ढाल धरलेली. काहींत तर डोक्याच्या जागी पोकळी ठेवून माणसाची खरी कवटीच बसवत. मग जाणता माणूस मेलेल्याच्या आत्म्याला त्यात बोलावणार.

त्यानंतर तो कोरवार घरातला कर्ता माणूस. सफरीला निघायचंय, कुणी आजारी आहे, मासेमारीला जायचंय, की आधी त्याच्यापुढे बसून विचारायचं. विडी-तंबाखू, कापड त्याच्यापुढे ठेवायचं. सफरीत तो होडीत सोबत असायचा. आणि त्याने सांगितलेलं खोटं ठरलं, म्हणजे 'जा' म्हणाला आणि होडी बुडाली, तर घरचे त्याला शिव्या घालत, आपटत, फेकूनही देत. नुसत्या आठवणीवर कुणी एवढं रागावत नाही. हिशेब ज्याच्याशी असतो त्याच्यावरच रागावतो.

१८५५ साली मानसिनाम बेटावर जर्मन मिशनरी उतरले. पुढच्या काळात धर्मांतर झालं तसे कोरवार ढिगांनी जाळले गेले, आणि बरेच युरोपात गेले.

वाकस

मी लाकडात काम करतो, पोटापाण्याचा धंदा तोच. म्हणून माझं लक्ष आधी हत्याराकडे जातं.

बिस खांबाचे जेवढे फोटो पाहिले त्यात कोरणाऱ्याने ओल्या लाकडावर काम केलेलं कळतं. अख्खं खोड, गाभ्यासकट. असं खोड वाळताना उभं तडकणारच, ते कुणी थांबवू शकत नाही. ज्याला वस्तू टिकवायची आहे तो गाभा काढून टाकेल, लाकूड मुरवेल. यांनी तसं केलं नाही कारण टिकवायचंच नव्हतं. धागाकर्त्याने वर सांगितलेली सागोच्या बनाची गोष्ट लाकडातच दिसते. सेमेनचा पंखही जोडकाम नाही, मूळ आणि खोड एकसंध आहे, त्यामुळे रेषा तुटत नाही आणि इतका पातळ जाळीदार भाग वाऱ्यात उभा राहतो. झाड उभं असतानाच कोणतं मूळ राखायचं हे डोळ्याने ठरवायचं, ही उस्तादी आहे.

पॉलिनेशियात, म्हणजे पॅसिफिकच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या बेटांत, मात्र काम टिकाऊ लाकडात. तिकडचं मुख्य हत्यार वाकसाच्याच जातीचं: काळ्या दगडाचं पातं, दांड्याला काथ्याने आडवं बांधलेलं. बारीक कामाला शार्कचे दात, हाडाच्या पटाश्या, घासायला पोवळं आणि पाकट माशाची खरबरीत कातडी कानशीसारखी. लोखंड पोचण्याआधी या हत्यारांवर जे गुळगुळीत पृष्ठभाग त्यांनी काढले, ते पाहून माझा हात थबकतो. कुणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर जवळून कसं दिसतं ते लिहा.

टेम्सकाठी

वाकसदादा, मी लिहिते. रुरुतूचा आआ मी ब्रिटिश म्युझियममध्ये पाहिलाय, अगदी काचेला नाक लावून.

रुरुतू हे ताहितीच्या दक्षिणेला, ऑस्ट्रल बेटांपैकी एक. आआ म्हणजे त्या बेटावर वस्ती करणारा मूळ पुरुष, मेल्यावर देवपदाला गेलेला. उंची ११७ सेंटीमीटर, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाएवढी. पहिल्यांदा नुसता एक गुडघे वाकवलेला, पोटावर हात ठेवलेला माणूस दिसतो. मग लक्षात येतं की त्याचे डोळे म्हणजे हातपाय पसरलेली दोन छोटी माणसं आहेत. नाक म्हणजे एक माणूस. तोंड म्हणजे आडवा पडलेला माणूस. गाल, छाती, बेंबी, सगळीकडे माणसंच. अशा ३० मूर्ती अंगावर. काही उभ्या, काही उलट्या, काही अंगाला बिलगून चढत असल्यासारख्या. अख्खं कूळ एका अंगावर. आणि मधली मोकळी जागा इतकी तुळतुळीत की दगडी हत्याराची खूण कुठे शोधूनही सापडत नाही.

पाठीमागे लांबट झाकण आहे. ते निघतं आणि आतून मूर्ती पोकळ. मिशनऱ्यांच्या हातात आली तेव्हा आत आणखी २४ छोट्या मूर्ती होत्या असं त्यांनी लिहून ठेवलंय. त्या पुढे नष्ट झाल्या. पण आतल्या पोकळीचा आकार पाहून अभ्यासकांचं मत असं पडलंय की ही जागा मुळात माणसाची कवटी आणि लांब हाडं ठेवण्यासाठी कोरली असावी. म्हणजे मूळ पुरुषाच्या अस्थींची पेटी, त्याच्याच आकाराची. तपासणीत लाकूड चंदनाचं निघालं, आणि कार्बन कालमापनाने ते १६ व्या किंवा १७ व्या शतकाच्या पूर्वार्धातलं ठरलं. म्हणजे मिशनरी येण्याआधी दीड-दोनशे वर्षं तरी ही मूर्ती लोकांच्या हातांत होती.

ती इंग्लंडला कशी आली तेही महत्त्वाचं. रुरुतूवर साथीने माणसं पटापट मरत होती. आउउरा नावाचा सरदार आपली माणसं घेऊन होडीने निघाला आणि वाटा चुकत ताहितीकडच्या राइआतेआ बेटावर पोचला. तिथे मिशनरी भेटले. तो धर्मोपदेशक घेऊन परत गेला आणि ऑगस्ट १८२१ मध्ये रुरुतूची होडी आपले जुने देव घेऊन राइआतेआला आली. ते सगळ्यांसमोर मिशनऱ्यांच्या हवाली केले गेले. आआ त्यातलाच. लंडन मिशनरी सोसायटीने तो 'आम्ही काय जिंकलं' हे दाखवायला मांडून ठेवला आणि १९११ साली तो म्युझियमने घेतला. पुढे पिकासोने आणि हेन्री मूरने त्याच्या ओतीव प्रती आपल्याकडे ठेवल्या.

२०२३ मध्ये ताहितीचं संग्रहालय नव्याने उघडलं तेव्हा आआ उसना म्हणून तिकडे गेला. दोनशे वर्षांनी आपल्या समुद्रात, पण उसना. हा शब्द लिहितानाही मला बरं वाटत नाही.

कडुनिंब

टेम्सकाठी, काय सुरेख लिहिलंय! 'अख्खं कूळ एका अंगावर' हे तर फारच आवडलं.

स्पष्टच सांगतो

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो.

एक, आआ कुणी चोरला नाही. रुरुतूच्या लोकांनी स्वतःच्या हाताने आणून दिला. दोन, मिशनऱ्यांनी बाकीचे शेकड्यांनी जाळले, हा जपला म्हणून आज त्यावर बोलतोय. तीन, बिस खांब सागोच्या बनात टाकला असता तर दोन पावसाळ्यांत माती झाला असता. अस्मतच्या आजच्या मुलांनाही पणजोबांच्या हातचं काम पाहायला मिळतं ते संग्रहालयांमुळे. जपणाऱ्याला दोषी धरायचं आणि कुजू देणाऱ्याला शहाणा म्हणायचं, हे मला पटत नाही.

टेम्सकाठी

हाताने आणून दिला हे खरं. पण गावातली निम्मीअर्धी माणसं साथीत गेली, जुन्या देवांनी वाचवलं नाही आणि ज्यांच्याकडे औषध, बोटी, छापील पुस्तकं आहेत ते म्हणतायत की देव टाका. त्या घडीला केलेलं देणं दोनशे वर्षं बांधून ठेवावं का? तेव्हाच्या माणसांनी दिलं, तर आताच्या माणसांनी मागणंही तितकंच खरं धरलं पाहिजे.

वेलिंग्टनकर

स्पष्टच सांगतो यांच्या मुद्द्यावर न्यूझीलंडची एक हकिगत. इथे माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबेल.

माओरी म्हणजे इथले मूळ रहिवासी. त्यांच्या सभागृहाला फारेनुई म्हणतात. ही इमारत म्हणजेच एक पूर्वज. छपराच्या टोकाला त्याचा चेहरा, पुढच्या तिरप्या फळ्या म्हणजे पसरलेले हात, आढं म्हणजे पाठीचा कणा, वासे म्हणजे बरगड्या. आत शिरलात की तुम्ही त्याच्या पोटात. भिंतींवरच्या प्रत्येक फळीवर एकेक पूर्वज कोरलेला, पाउआ शिंपल्याचे डोळे चमकणारा. मधल्या खांबाच्या पायथ्याशीही एक उभा असतो, बरेचदा तो आश्चर्य वाटावं इतका माणसासारखा. लोक तिथे रात्री त्यांच्या पायाशी झोपतात, भांडतात, मयताला तिथेच ठेवून रडतात, आणि बोलताना भिंतीवरच्या पूर्वजांना नावाने हाक मारतात.

आमच्याकडच्या, वेलिंग्टनच्या 'ते पापा' संग्रहालयात 'ते हाउ की तूरंगा' नावाचं घर आहे. गिस्बर्नजवळच्या मानुतुकेचं, रोंगोफाकाआता लोकांचं. राहारुही रुकुपो हा त्यांचा सरदार आणि मोठा कोरणारा. त्याने आपल्या मेलेल्या भावाच्या आठवणीसाठी १८४२ च्या सुमारास ते उभारलं. त्याचं स्वतःचं रूपही त्यात एका फळीवर आहे, चेहऱ्यावरचं गोंदण त्याचं त्याला शोभणारं. १८६७ साली सरकारी माणसांनी ते उतरवून बोटीत घातलं आणि वेलिंग्टनला आणलं. रुकुपोने त्याच वर्षी संसदेकडे अर्ज केला, की माझी संमती नव्हती. तो वारला, घर परत मिळालं नाही. २०१२ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यात मालकी रोंगोफाकाआतांकडे आली. सव्वाशे-दीडशे वर्षं पिढ्यान्‌पिढ्या एकच मागणी.

दुसरं घर माटाअटुआ. हे १८७५ मध्ये फाकाटानेला ङाती आवा लोकांनी उभं केलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या जमिनी जप्त झाल्या होत्या, आणि विस्कटलेली माणसं पुन्हा एका छपराखाली यावीत म्हणून हे घर. १८७९ साली ते सिडनीच्या प्रदर्शनाला पाठवलं गेलं. तिथे ते कसं उभं केलं असेल? उलटं! भिंती फिरवून, आतल्या पूर्वजांची तोंडं बाहेर रस्त्याकडे करून, कारण बघायला येणाऱ्यांना कोरीवकाम बाहेरून दिसावं. ज्यांना सावलीत, चटयांवर, आपल्या माणसांच्या श्वासात ठेवलं होतं ते उन्हापावसात उभे. मला तर वाचतानाही सहन झालं नाही. पुढे मेलबर्न, मग लंडन, तिथल्या कोठारात वर्षानुवर्षं, १९२४ मध्ये वेम्ब्लीचं प्रदर्शन, १९२५ मध्ये परत न्यूझीलंडात, पण डनीडिनला, आणि तिथल्या ओटागो संग्रहालयात सुमारे सत्तर वर्षं. १९९६ मध्ये परत द्यायचं ठरलं, आणि २०११ मध्ये ते फाकाटानेला पुन्हा उभं राहिलं. आज तिथे सभा होतात, पाहुणे येतात.

आता सांगा, जपलं कुणी? लाकूड संग्रहालयाने जपलं, हे मान्य. पण कोणत्या फळीवर कोणता पूर्वज, कुणाच्या शेजारी कोण, हे ज्यांनी तोंडी जपलं ते नसते तर परत उभारणार काय होतं?

स्पष्टच सांगतो

माटाअटुआचा मुद्दा बिनतोड आहे. घर परत उभारणं मला मान्य. पण माझा तिसरा मुद्दा तसाच राहतो. बिस खांब परत मागून अस्मत लोक तो कुजवणार असतील तर?

दर्यावर्दी

तर तो त्यांचा निर्णय. पण वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. मुंडकी आणणं थांबलं, १९६० च्या दशकात सरकारने उत्सव आणि कोरीवकामावर बंदी आणली, पुरुषांची सामाईक घरं जाळली. त्या काळात हे काम मरायला टेकलं होतं. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या एका प्रकल्पामुळे आणि तिथल्या कॅथलिक मिशनमुळे त्याला पुन्हा धुगधुगी आली. १९७३ मध्ये अगात्सला अस्मतांचं स्वतःचं संग्रहालय सुरू झालं. १९८१ पासून तिथे कोरीवकामाची स्पर्धा आणि लिलाव भरतो, गावोगावचे कोरणारे होड्या घेऊन येतात. म्हणजे ठेवायचं काय आणि बनात सोडायचं काय, हे दोन्ही ते स्वतः करू शकतात. आपण मध्ये पडायची गरज नाही.

चाफेकळी

मी मानववंशशास्त्र शिकते, म्हणून या वादात एक अडचणीचं उदाहरण टाकते. न्यू आयर्लंड बेटाचे मालागान. पापुआ न्यू गिनीच्या ईशान्येला.

तिथे माणूस मेल्यावर लगेच काही नाही. कूळ वर्षानुवर्षं डुकरं, कंद, पैसा जमवतं आणि मग एकदम कित्येक मृतांचा मिळून मोठा विधी. त्यासाठी मालागान कोरतात: मासे, साप, पक्षी, माणूस एकमेकांना गिळताहेत, एकमेकांतून निघताहेत, इतकं गुंतागुंतीचं जाळीकाम की सुरुवात-शेवट सापडत नाही. रंगवून झालं की शिंपल्याच्या टोपणाचे डोळे बसवतात, तेव्हा ते जिवंत होतं. एका मांडवात थोडा वेळ दाखवतात. संपलं. मग ते जाळायचं, कुजू द्यायचं किंवा गावाबाहेर देऊन टाकायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला युरोपियन व्यापारी आले तेव्हा लोकांनी विधी झालेले मालागान त्यांना विकले. विकणं हीसुद्धा विल्हेवाटच होती. मूर्ती गेली याचं त्यांना वाईट वाटलं नाही, कारण खरी मालमत्ता लाकूड नव्हतीच. ती मालमत्ता म्हणजे हा नमुना कोरवून घेण्याचा हक्क, आणि तो हक्क विधीच्या वेळी डुकरं-पैसे मोजून पुढच्या माणसाला मिळतो. पाहणाऱ्याने नमुना डोक्यात साठवायचा आणि पुढच्या वेळी कोरणाऱ्याला सांगायचा.

म्हणून 'सगळं परत द्या' असं सरसकट म्हणता येणार नाही आणि 'सगळं जपलं ते बरं' असंही नाही. माटाअटुआचं वेगळं, मालागानचं वेगळं. दर्यावर्दी म्हणतात तसं, काम काय होतं हे आधी विचारायला हवं.

वाकस

चाफेकळी, हक्काची गोष्ट एकदम पटली. आमच्यातही मूळ वस्तूपेक्षा नमुन्याला जपतात. मालागानचे फोटो शोधतो आता.

सातेरीचा

दर्यावर्दी, रानजायफळीच्या चिकाबद्दल वाचलं आणि घरचं आठवलं. मी दोडामार्गचा. आमच्याकडे बांबर्डेला रानजायफळीची दलदल आहे. झाडांची मुळं गुडघ्यांसारखी पाण्याबाहेर आलेली. सालीला घाव बसला की लाल चीक वाहतो, अगदी रक्तच. ती जागा देवराई म्हणून राखली गेली आणि काही वर्षांपूर्वी तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. अस्मतची जात वेगळी असेल, पण कूळ एकच. ते लोक झाडाला माणूस का समजले, हे तो चीक पाहिलेल्याला सांगावं लागत नाही.

रानजाई

मला कोरवारचं वाचून आमच्या देव्हाऱ्यातले टाक आठवले. कुलदैवतांच्या शेजारी आजेसासऱ्यांच्या वडिलांचा टाक आहे, घोड्यावरचा. आमचं नाशिकचं. धुळवडीला वीर निघतात तेव्हा घरचे टाक गोदावरीवर नेऊन आंघोळ घालून आणतात. सासूबाई त्यांना 'बाबा' म्हणतात आणि घरात लग्न ठरलं की आधी त्यांना सांगतात. ते टाक कुणी कपाटात लावून खाली 'धातुकाम, महाराष्ट्र' असं लिहिलं तर मला कसं वाटेल, याचा विचार करत होते. बियाकच्या बाईला काय वाटत असेल ते थोडंसं कळलं.

दर्यावर्दी

रानजाईताई, फार चांगलं लिहिलंत. सातेरीचा, बांबर्डेचे फोटो असतील तर वेगळा धागा काढाच.

प्रवासिनी

सगळा धागा एका दमात वाचला. आम्ही डिसेंबरात न्यूझीलंडला जातोय, ऑकलंड, रोटोरुआ आणि वेलिंग्टन. काय बघावं? आणि घरी ठेवायला एखादी कोरीव मूर्ती आणायची इच्छा आहे, ते योग्य आहे का?

वेलिंग्टनकर

ऑकलंड संग्रहालयात नुकुओरो बेटाची कावे नावाची देवीमूर्ती नक्की पाहा. मायक्रोनेशियातलं एवढंसं प्रवाळबेट, पण भाषा पॉलिनेशियन. फणसाच्या जातीच्या नीरफणसाच्या लाकडात कोरलेली, दोन मीटरहून उंच, आणि चेहऱ्यावर डोळे, नाक, तोंड काहीच नाही. अंड्यासारखं डोकं, सपाट खांदे. इतर मूर्तींसमोर पाच मिनिटं थांबाल, हिच्यासमोर वेळ काढून थांबा. वेलिंग्टनला 'ते हाउ की तूरंगा' आहेच.

रोटोरुआला 'ते पुइआ' नावाच्या केंद्रात कोरीवकामाची शाळा आहे. आपिराना ङाता या माओरी नेत्याने १९२० च्या दशकात कायदा करवून घेऊन ही शाळा सुरू करवली, कारण तेव्हा जाणते कोरणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आज तरुण मुलं तिथे शिकताना समोर बसून पाहता येतं. विकत घ्यायचं असेल तर अशा ठिकाणाहून घ्या. कोरणाऱ्याचं नाव, त्याची जमात आणि मूर्तीत कोण आहे हे विचारा. खरा कोरणारा आनंदाने सांगतो. विमानतळावरच्या दुकानात साच्यातून काढलेल्या टिकी, म्हणजे माणसाच्या आकाराच्या छोट्या मूर्ती, मिळतात, त्यांना विचारून काही उत्तर मिळणार नाही.

चाफेकळी

भर घालते. कुणी रापा नुईला, म्हणजे ईस्टर बेटावर, गेलं तर तिथे मोआई कावाकावा विकायला असतात, बरगड्या दिसणारे, पोट खपाटीला गेलेले लाकडी पुरुष. कथेप्रमाणे तूउ को इहो या सरदाराने पुना पाउच्या खाणीपाशी दोन भुतं झोपलेली पाहिली आणि घरी येऊन जशी दिसली तशी कोरली. जुन्या मूर्ती तोरोमिरोच्या लाकडाच्या. हे झाड बेटावरून १९६० च्या सुमारास नाहीसं झालं, बाहेर नेलेल्या बियांपासून वाढवून पुन्हा लावायचा प्रयत्न चालू आहे. त्यामुळे कुणी नवी मूर्ती 'तोरोमिरोची' म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

प्रवासिनी

दोघांचेही आभार. एक शेवटचं: फारेनुईच्या आत फोटो काढलेले चालतात का?

वेलिंग्टनकर

आधी विचारायचं. काही ठिकाणी चालतं, बऱ्याच ठिकाणी आत नाहीच. चपला-बूट दाराबाहेर काढा, आत खाणंपिणं नको आणि उशीवर बसू नका, उशी डोक्यासाठी असते. पाहुण्यांना आत घेताना आधी अंगणात स्वागताचा विधी होतो. त्यात यजमान आपल्या पूर्वजांची नावं घेतात आणि मग पाहुण्यांनी बोलायचं असतं. तुमच्यातल्या एकाने दोन वाक्यं तयार ठेवा, मराठीत बोललात तरी चालेल, आणि शेवटी एक गाणं म्हणावं लागतं. आमच्या मंडळाची माणसं गेली होती तेव्हा आम्ही पसायदान म्हटलं होतं.